आक्का बोटीवर निघाल्या

२१ जानेवारी, सांगली

तिकिटं आली. फोनवरच. मुंबई ते लक्षद्वीप आणि परत, पाच रात्री, बाल्कनीची खोली. मी आणि आक्का.

चंगळवादावर जिल्हाभर बोलत फिरलेल्या बाईनं काढलेली तिकिटं. नवऱ्यानं, विजयनं, चहा पुढे करत विचारलं, "आता व्याख्यात्या कुठल्या तोंडानं बोलणार?" म्हटलं, याच. मी चंगळीच्या विरोधात आहे, समुद्राच्या नाही. अडुसष्ट वर्षांच्या बाईनं एकदाही समुद्र पाहिलेला नसणं याला साधी राहणी म्हणत नाहीत, अन्याय म्हणतात. वि. म्हणाला, "टाळ्या. आता चहा घे, निवतोय."

पलूसला मळ्यावर फोन केला. थोरल्या जाऊबाईंना बातमी द्यायची म्हणून उभी राहून बोलले.

"आक्का, ठरलं. तीस तारखेला बोटीत बसायचं."

बराच वेळ नुसती म्हैस ऐकू येत होती. मग म्हणाल्या, "शैला, एक सांगून ठेवते. गणपतीपुळ्याला समदी गेली तवा म्हस व्यायली. गोव्याला गेली तवा मामंजींचं दुखणं. दापोलीच्या लग्नाला जायचं तर ऊस तोडीला आला. ह्या बारीला बी काय आडवं आलं, तर मी माघारी फिरंन, आन् परत मला इचारू नगं. समुद्र माझ्या नशिबात न्हाई आसं समजीन."

नशीब! हा शब्द ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. पण फोनवर भाषण केलं नाही. यंदा काही आडवं येऊ द्यायचं नाही, बस.

२४ जानेवारी

बोटवाल्यांचा अर्ज कॉम्प्युटरवर भरला. दोन तास. आक्कांचा आधार नंबर वि.नं फोन करून विचारला, बाकी सगळं मला पाठ. पार्वती मारुती साळुंखे, वय ६८, मु. पो. ता. पलूस. जेवणाची चौकट आली: शाकाहारी की मांसाहारी. सोमवार, गुरुवार, शनिवार सोडून मांसाहारी, अशी चौकट जगात कुणी केलेली नाही. वि. म्हणाला, "मांसाहारी लिही, वार त्या सांभाळतील."

काय नेऊ नये याची यादी दीड पान. चाकू, मेणबत्ती, इस्त्री, पाणी तापवायची किटली, बाहेरचं खाणं. आक्कांना फोनवर वाचून दाखवली. "बरं" म्हणाल्या. त्यांचं हे 'बरं' मला ओळखीचं आहे.

संध्याकाळी साताऱ्याहून महिला मंडळाचा फोन. २९ ला दुपारी व्याख्यान द्याल का? विषय, बाईचं नाव. माझं जुनंच. सासरी गेल्या गेल्या बाईचं पहिलं नावसुद्धा पुसून टाकतात, त्यावरचं. हो म्हणून टाकलं.

वि.: "बोटीला जाता जाता भाषण?"

"साताऱ्यावरूनच तर जायचंय."

"मग बोगद्यात पण एक दे."

२८ जानेवारी, मळा

काल संध्याकाळी वि.सोबत इथं आले. आज सकाळी कारखान्याकडून ऊसतोडीची चिठ्ठी. उद्या तोडणाऱ्यांची टोळी येणार!

आक्कांनी बॅग उचलून माळ्यावर ठेवली. वैरणीला गेल्या. मी मागोमाग. पायात शहरी चपला, बांधावर घसरत.

"आक्का, वि. थांबतोय की इथं. ऊस तुटेल त्याच्या समोर."

"भावजींनी बँकेत दिस काढलं. त्यास्नी वाढं म्हंजे काय ठावं हाय का?"

वि. मागून म्हणाला, "उसाचा शेंडा. म्हशीला घालतात. मी याच मळ्यात वाढलो हो वहिनी."

मग तिथंच गोठ्यात तोंडी परीक्षा. वाढं कुणाला द्यायचं? शेजारच्या तात्यांना एक भारा, बाकी म्हशीला. ट्रॅक्टर कुठून घालायचा? वरच्या बाजूनं, पाइप फुटू द्यायची नाही. बेण्याचा ऊस कुठला? इथं वि. गडबडला. विहिरीकडचा म्हणाला. आक्का माझ्याकडं बघून, "बघितलंस?" बेण्याचा ऊस रस्त्याकडचा. त्याला कोयता लागता कामा नये, पुढची लागण त्याचीच. वि.नं तीनदा घोकलं. चौथ्यांदा आक्का हसल्या.

"जाऊ द्या. पास."

बॅग माळ्यावरून मीच काढली. संध्याकाळी आक्का म्हशीच्या कानाशी बराच वेळ काहीतरी सांगत होत्या. मी विचारलं नाही.

२९ जानेवारी, सातारा

हॉल भरलेला. बायका खिडकीत. चाळीस वर्षांत आक्का पहिल्यांदाच माझ्या भाषणाला, पहिल्या रांगेत, पदर घट्ट.

आज चांगली लय लागली होती. जन्मभर ज्या हाकेला ओ दिली ती हाक एका दुपारी काढून घेतात, आणि आपण वर पेढे वाटतो! मग माझ्या लग्नातली गोष्ट. तांदळाचं ताट पुढे आलं, नवरदेवानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. मी ताट बाजूला सरकवलं. म्हटलं, आहे ते नाव चांगलं आहे. नेहमीप्रमाणे इथं टाळ्या पडल्या. आक्कांचे हात मांडीवरच होते. पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या, सोडायच्या.

उतरल्यावर विचारलं, कसं झालं?

"घसा सुकला तरी पाण्याला हात लावला न्हाईस."

"आणि भाषण?"

"खरं हाय तुझं. पर लय मोठ्यानं."

रात्रीच्या मुक्कामाला मंडळाच्या अध्यक्ष बाईंच्या घरी. जेवताना आक्का मधेच म्हणाल्या, "ताट सरकवता येतं, ह्येच मला ठावं न्हवतं."

वाक्य फार आवडलं. पुढच्या व्याख्यानासाठी लगेच टिपून ठेवलं.

३० जानेवारी

पहाटे पाचला भाड्याच्या गाडीनं निघालो. खंबाटकीच्या बोगद्यात आक्कांनी हात जोडले. म्हटलं, इथं कुठला देव? "देव न्हवं गं. ज्यांनी ह्यो डोंगर फोडला त्यास्नी."

११.४०, बंदर. रांगेत उभ्यानं लिहितेय. बॅगांना चिठ्ठ्या बांधल्या, हमालांनी नेल्या. आता त्या थेट खोलीच्या दारात भेटणार म्हणे. आक्कांचा विश्वास नाही, बॅग दिसेनाशी होईपर्यंत मान वळवून बघत होत्या. शेडच्या मागून बोट दिसली. पांढरी, अकरा मजले, वर धुराडं.

"ही बोट व्हय? आगं, ह्यो तर साखर कारखाना हाय!"

पुढची दोन माणसं हसली. पुण्याच्या एका काकूंनी आक्कांना बिस्कीट दिलं. रांगेत सगळे लग्नाला निघाल्यासारखे. एकाच्या डोक्यावर तर आतापासूनच गवती टोपी.

१२.२०. तपासणी. आक्कांच्या पिशवीतून स्टीलचा डबा निघाला. आत शेंगदाण्याची चटणी, दाबून भरलेली.

"आक्का! यादी वाचली होती ना मी?"

"तू म्हणालीस खाणं न्यायचं न्हाई. चटणी म्हंजे खाणं व्हय? ती खाण्यासंगं लागती."

तेवढ्यात माझ्या हातातल्या पिशवीतून किटली निघाली. पहाटेचा चहा मला माझ्या हातचा लागतो. आक्का शांतपणे म्हणाल्या, "आन् ही? ही बी चटणीच?"

किटली जमा. पावती मिळाली, परतताना घ्यायची. चटणी फेकावी लागेल म्हणाले. तपासणीवरचा शिपाई खाली वाकून हळूच, "आज्जी, कुठल्या?" "पलूसच्या." "मी माणचा." चटणी त्याच्या डब्यात गेली. आक्कांचा डबा रिकामा, पुसून, परत पिशवीत. दोघंही खूश. मी सोडून.

१.३०. आम्हाला बाजूच्या बाकावर बसवलंय.

खिडकीवरची मुलगी मराठीच, तिशीची असेल. माझं बोटीचं कार्ड झटकन दिलं. मग आक्कांचं आधार हातात घेऊन बघतच राहिली.

"मॅडम, यावर द्वारका मारुती साळुंखे आहे. तिकिटावर पार्वती. आमच्या दृष्टीनं ही दुसरी व्यक्ती झाली. नाही जाता येणार."

म्हटलं, आधारवाल्यांचा घोळ. आणि सुरू झाले. गरीब बाईचं नाव या देशात कुणीही कसंही लिहितं, कुणाला त्याचं काही नाही, आयुष्यभर राबलेल्या बाईला एका कागदासाठी दारातून परत पाठवता... आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात होता. गवती टोपीवाल्यानं मान डोलावली. मी आणखी चढले.

आक्कांनी माझी बाही ओढली. "शैला, गप की जरा. आधार बरोबर हाय."

"बरोबर म्हणजे?"

"द्वारका माझंच नाव. म्हायेरचं."

"आणि पार्वती?"

"ती ताटातली."

मी खिडकीवरचा हात मागं घेतला.

आक्का मुलीलाच सांगत होत्या, मला नाही. "ह्ये फौजेत हुते. लगीन झाल्यावर बायकूचं नाव कळवायचं असतंय न्हवं, तवा ह्यांनी शाळंच्या दाखल्यावरचं नाव लिवलं. पेन्शन त्याच नावानं येती, म्हून आधार बी तसंच. घरात, भावकीत मातर पार्वती. ह्या बाईनं तिकीट काढलं. तिला ठावं न्हवतं."

तिला ठावं नव्हतं. चाळीस वर्षं एका घराची सून. दर सणाला एका चुलीपुढं. मारुतीभाऊजी गेले तेव्हा पेन्शनच्या कागदांसाठी आक्का एकट्याच पळाल्या, मी शोकसभेत बोलले. काल साताऱ्यात हजार बायकांच्या नावांसाठी घसा फोडला, आणि पहिल्या रांगेतल्या बाईला तिचं नाव विचारलं नाही. ती मला वाक्य देत होती आणि मी टिपून घेत होते!

आक्कांनी पिशवी खांद्याला लावली. "चल. जाऊ माघारी. मी म्हणलं न्हवतं?"

"बसा," मी म्हटलं. असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्या बसल्या.

३.१०. सव्वादोनला त्या मुलीचे साहेब आले. तीन वाजता यादी बंद होते, नंतर काही करता येत नाही. माणूस बरा. म्हणाला, आडनाव, वय, नंबर सगळं जुळतंय. पण पार्वती आणि द्वारका एकच बाई, याचा काहीतरी पुरावा द्या. पार्वती नावाचा एखादा कागद. कुठलाही.

फोनवर शोधलं. बँक, पेन्शन, मतदार यादी, सातबारा. सगळीकडं द्वारका. ज्या नावानं घरानं, गावानं, मी ओळखलं ते नाव एकाही कागदावर नाही. वि.ला फोन लावला, तर मागं टोळीचा गलका. तो ओरडला, "वहिनींचं नाव पार्वतीच की! द्वारका कोण?" ठेवला फोन.

साहेब म्हणाले, निदान तुम्ही लेखी द्या, चूक कशी झाली ते. कागद दिला. मी लिहायला बसले. पान भरलं, उलटलं. खिडकीवरची मुलगी आली. "मॅडम, चार ओळी पुरे. कारण फक्त."

दुसरा कागद घेतला. मी शैला, धाकटी जाऊ. तिकीट मी काढलं. नाव मी चुकीचं घातलं. कारण, मला त्यांचं खरं नाव माहीत नव्हतं.

आयुष्यातलं सर्वांत छोटं भाषण. सही करताना खाली बघितलं.

साहेबांनी वाचलं, मान हलवली. "हे ठीक. पण पार्वती कुठं आहे?"

आक्कांनी पिशवीतून तो रिकामा डबा काढून टेबलावर उलटा ठेवला. बुडाशी कोरलेलं: सौ. पार्वती मारुती साळुंखे. भांडी घेतली की त्यावर नाव घालणारी आमची माणसं! दुकानाच्या दारात बसलेल्या नाव घालणाऱ्यानं टकटक करून कोरलेलं, एक वेलांटी वाकडी.

साहेबांनी डबा हातात फिरवला. हसले. "आमच्या आईचा पण आहे असाच. तिचंही नाव असलंच घातलेलं." डबा टेबलावर ठेवला. "तिचं आधीचं काय होतं, मला माहीत नाही."

डब्याचा फोटो काढला. माझा कागद, आधार आणि डबा, तिन्ही एका अर्जाला जोडले. तीनला पाच कमी होते.

४.१५, बोटीवर! कार्ड मिळालं, त्यावर द्वारका. पुलावरून चढताना आक्कांनी आधी उजवा पाय टाकला. मी बघून न बघितल्यासारखं केलं. दारात उभा असलेला पोरसवदा माणूस कार्ड वाचून म्हणाला, "वेलकम, द्वारका मॅडम." आक्कांनी मागं वळून बघितलं, कोण आलंय म्हणून.

बॅगा खरोखर खोलीच्या दारात. आक्कांनी दोन्हीवर हात फिरवला.

जेवण वरच्या मजल्यावर, हवं ते हवं तेवढं. एवढी ताटं, एवढे पदार्थ, आणि चंगळवादावरचं माझं सगळं तत्त्वज्ञान गाजराच्या हलव्यापाशी गळून पडलं. दोनदा घेतला. आक्कांनी डाळभात, मासा (आज शुक्रवार, चालतं), आणि शेवटी एकटं दही. "चटणी पाहिजे हुती," एवढंच.

मग भोंगा वाजला. सगळ्यांनी जाकिटं घालून डेकवर जमायचं, बुडायची वेळ आली तर काय करायचं याची तालीम. नारिंगी जाकिटातल्या आक्का, नऊवारीवर. "फौजेतल्यावानी दिसतोय का गं?" फोटो काढला. हा माझ्या मरणापर्यंत दिवाणखान्यात लागलेला राहील.

रात्री ८. सहाला बोट हलली. कळलंच नाही, आधी धक्काच मागं सरकायला लागला. आम्ही बाल्कनीत. शहर बारीक होत गेलं आणि मग नुसतं पाणी. आक्का कठड्याला धरून उभ्या.

बऱ्याच वेळानं, "ह्यांनी अंदमानातनं पत्रात लिवलं हुतं, पाणी संपतच न्हाई म्हून. मला वाटायचं थापा मारत्यात."

मी विचारलं. शेवटी विचारलं. "पत्र कुणाच्या नावानं यायचं?"

"पाकिटावर पार्वती. आत द्वारका."

३१ जानेवारी, समुद्रात

दिवसभर पाणीच. आक्कांना बोट लागली नाही, मला लागली. लिंबू चाटत पडून होते. त्या मात्र अकरा मजले फिरून आल्या, कुठं काय आहे ते मला सांगतात. इंजिन बघायला मिळत नाही याचा राग. "कारखाना तरी दावत्यात."

नाष्ट्याला, लिफ्टमध्ये, सगळीकडे कार्ड वाचून द्वारका मॅडम, द्वारकाजी. सकाळी तिसऱ्या हाकेला ओ द्यायच्या. दुपारी दुसऱ्या. संध्याकाळी चहावाल्यानं हाक मारली तर पहिल्याच हाकेला, आणि वर, "साखर कमी."

दुपारी बरं वाटल्यावर म्हटलं, "आक्का, मी काय हाक मारू तुम्हाला?"

"आजवर काय मारत हुतीस?"

"आक्का."

"मग? त्यात तुला काय आडचन?"

"माझं सोडा. घरी, भावकीत? पुढच्या महिन्यात चुलत पुतण्याच्या लग्नाची पत्रिका छापतायत. त्यात तुमचं नाव निमंत्रकांत असणार. आपण सांगू त्यांना. मी सांगते, बघू कोण..."

"झालं? चढलीस तू?" आक्कांनी हात वर केला. "शैला, पार्वती म्हून बी मी लय जगले. लेकरं तिचीच हायत. ती बी खोटी न्हवं. काय ठिवायचं, काय न्हाई, ते माझं मला ठरवू दे. तू मोर्चा काढू नगं."

"बरं," मी म्हटलं. प्रामाणिकपणे म्हटलं.

संध्याकाळी बोटीवरचे करमणुकीचे लोक आले. कालचा माझा आवाज रांगेत ऐकलेल्या कुणीतरी त्यांना सांगितलं असणार. उद्या रात्री स्टेजवर दहा मिनिटं बोलाल का, स्त्रियांच्या विषयावर? नाही म्हटलं. आक्कांना खरं वाटेना. "ताप हाय का गं तुला?" कपाळाला हात लावून बघितला.

१ फेब्रुवारी, बेट

पाणी आहे की काच! बोट लांब उभी, छोट्या होडीतून किनाऱ्यावर. उतरताना दोघांनी आक्कांना दंडाला धरलं. त्या त्यांना म्हणाल्या, "सोडा. उसाच्या सरीतनं चालणारी बाई हाय मी."

वाळू पांढरी, डोळे दिपतात. लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचून आक्का पाण्यात. आधी घोटा, मग पोटरी. लाट आली की लहान पोरीसारख्या ओरडतात. मी नारळाच्या सावलीत, पुस्तक उघडं, एक ओळ वाचलेली नाही. चाळीस वर्षांत या बाईचा एवढा मोठा आवाज मी ऐकलेला नव्हता.

मधेच बाहेर आल्या, माझ्याजवळ बसल्या. पायाला वाळू.

"पत्रिकेचं कवा सांगायचं हाय त्यास्नी?"

"आठवडाभरात छापायला जाईल."

"हं." वाळूवर बोटानं काहीतरी लिहीत होत्या. मला वाचायचं नव्हतं म्हणून मी मान फिरवली. म्हणजे, वाचायचं होतं. पुन्हा बघितलं तोवर त्यांनी हातानं सपाट केलं होतं आणि परत पाण्याकडं निघाल्या होत्या.

इथं फोनला रेंज आहे. वि.चा आला. रस्त्याकडचा ऊस वाचला, विहिरीकडचा गेला, म्हैस बरी. मग लाजत लाजत, "आणि ते द्वारकाचं काय? दादाच्या जुन्या पेटीत पत्रं सापडली मला. वाचली नाहीत. बांधून ठेवलीत." पाठोपाठ, "आम्ही आता वहिनींना काय म्हणायचं गं? पत्रिकेवाला सारखा विचारतोय."

"त्यांनाच विचार. पाण्यात आहेत."

"मग बाहेर आल्या की दे."

किनाऱ्यावरच्या माणसानं शिट्टी मारली. "द्वारका मॅडम! बस, उधर तक ही!" आक्कांनी मागं बघून त्याला हात केला, ऐकू आलंय असा. फोन कानाला धरून मी उभी राहिले. कमरेएवढ्या पाण्यात त्या आणखी एक पाऊल पुढे गेल्या.